पाऊण किलोमीटर, चार पावसाळे

हे प्रकरण मुंबई-गोवा महामार्गाच्या पाऊण किलोमीटरचं आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका पॅकेजमधला, म्हणजे एका ठेकेदाराला दिलेल्या टप्प्यातला, हा तुकडा. गावाचं, माणसांचं, ठेकेदाराचं नाव लिहीत नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी महसूल खात्यात तलाठी म्हणून लागलो आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. त्यानंतर या कामावर देखरेख करणाऱ्या सल्लागार कंपनीत भूसंपादनाची बाजू पाहत होतो. म्हणजे नोटीस काढणाऱ्या टेबलाशीही मी बसलो आहे आणि नोटीस घेऊन दारात उभाही राहिलो आहे.

महामार्ग का रखडला असं कोणालाही विचारा, पाऊस आणि पैसे खाणं ही दोन उत्तरं हमखास मिळतात. या तुकड्यापुरतं सांगतो: पहिली तीन वर्षं गेली ती या दोन्हींमुळे नाही. ती कशामुळे गेली, ते पुढे क्रमाने मांडलं आहे.

पार्श्वभूमी

जुना एनएच १७, आताचा एनएच ६६. पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा पहिला टप्पा चौपदरी करायला २०११ मध्ये घेतला. इंदापूरच्या पुढचं काम त्यानंतर काही वर्षांनी वेगवेगळ्या पॅकेजांमध्ये वाटलं गेलं. आमचं पॅकेज चाळीस किलोमीटरच्या आसपासचं होतं.

राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ प्रमाणे आधी ३-ए ची अधिसूचना निघते, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा जाहीर होतो, हरकती ऐकल्या जातात, संयुक्त मोजणी होते, मग संपादन जाहीर करणारी ३-डी निघते आणि जमिनीची मालकी सरकारकडे जाते. ३-ए नंतर वर्षाच्या आत ३-डी निघाली नाही तर ३-ए रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं. त्यानंतर निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश), रक्कम जमा करणं, नोटीस, ताबा. हे सगळं प्रांतांच्या, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, कार्यालयातून चालतं. ईपीसी पद्धतीच्या कामात (सगळा खर्च सरकारचा) ९० टक्के जमीन हाताशी असेल तर ठेकेदाराला काम सुरू करायची तारीख तेव्हा देता येत असे, हायब्रिड ॲन्युइटीत (काही पैसे ठेकेदार घालतो आणि ते त्याला पुढे हप्त्यांनी मिळतात) ८० टक्के.

ही टक्केवारी मी मुद्दाम लिहिली. आमच्याकडे ९० टक्के भरले आणि ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरताच, तारीख दिली गेली. कागदावर यात काही चूक नव्हती. पण उरलेली १० टक्के जमीन एका टोकाला सलग पडलेली नव्हती. ती चाळीस किलोमीटरभर सतरा-अठरा ठिकाणी विखुरलेली होती: कुठे दोन घरं, कुठे मंदिराची जागा, कुठे सामाईक गट. आणि ती शेवटी उरली होती ती अवघड होती म्हणूनच. आमचा पाऊण किलोमीटर असाच एक.

इथे जुना रस्ता बाजारपेठेतून वळण घेतो. नव्या आखणीत ते वळण सरळ केलं होतं, त्यामुळे रस्ता एका वाडीच्या अंगणातून जात होता. वाटेत एक पऱ्या, म्हणजे ओढा, त्यावर बॉक्स कल्व्हर्ट, म्हणजे काँक्रीटची चौकोनी मोरी. एक उच्चदाब वीजवाहिनी, गावाच्या नळपाणी योजनेची पाइपलाइन, तीन राहती घरं, एक कौलारू दुकान, आंबा-फणस-काजूची मिळून साठेक झाडं. आणि रस्त्याच्या एका अंगाला वाडी तर दुसऱ्या अंगाला शाळा.

अडचण

पहिली अडचण सातबाऱ्यावर होती. मुख्य गट एकच, त्यावर ३८ नावं. त्यातली अकरा माणसं मरण पावलेली, वारस नोंद झालेली नाही. एक नाव तर कुणाच्या तरी आजोबांचं, त्यांना जाऊन पन्नास वर्षं झाली असतील. घराण्याची दोन अंगं, थोरलं घर आणि धाकटं घर. जमिनीचं वाटप आजोबांच्या काळात तोंडी झालं होतं: रस्त्याकडची बाजू धाकट्यांनी कसायची, वरची भरडाची, म्हणजे माळाची, थोरल्यांनी. तीन पिढ्या कोणाची तक्रार नव्हती, कारण रस्त्याकडच्या त्या बाजूला भात सोडून काही पिकत नव्हतं. कागदावर मात्र सगळं सामाईकच राहिलं.

२०१५ पासून राष्ट्रीय महामार्गांनाही नव्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मोबदला लागू झाला. आमच्या निवाड्यात ग्रामीण जमिनीला बाजारभावाच्या दुप्पट आणि त्यावर तेवढीच सांत्वना रक्कम, म्हणजे चौपट. हा मोबदला न्याय्यच आहे. आधीच्या पिढ्यांच्या जमिनी ज्या कवडीमोलाने गेल्या त्या मी पाहिल्या आहेत. पण ज्या खाचराकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं त्याची किंमत एकदम लाखांत गेली, आणि थोरल्या घराने प्रांतांकडे हरकत दिली: नाव ३८ जणांचं आहे, तर रक्कम ३८ हिश्शांत वाटा.

सातबारा पाहिला तर ते बरोबर वाटत होतं. धाकट्या घरातल्या ज्या आजी त्या जागेवर घर करून चाळीस वर्षं राहत होत्या, त्यांच्या दृष्टीने तो सरळ अन्याय होता. पहिल्या भेटीत त्या पडवीत बसूनच बोलल्या, उठल्या नाहीत. "भाऊसाहेब, रस्ता नको असं कोन म्हनतंय? पन घर मी बांदलंय. ह्या घराचे पैसे माज्या दिराच्या पोरांनी का न्यायचे?" माझ्याजवळ त्या दिवशी उत्तर नव्हतं. उत्तर निवाड्याच्या कागदातच होतं, हे मला दोन वर्षांनी कळलं.

दुसरी अडचण पहिल्याच हंगामात उभी राहिली. भराव पडू लागला तेव्हा गावकऱ्यांच्या लक्षात आलं की रस्ता जमिनीपासून चांगला बारा-तेरा फूट उंच जाणार आहे. मग शाळेत जाणारी मुलं पलीकडे कशी जाणार? नकाशात ओलांडायची सोय होती, पण ती जवळजवळ किलोमीटरभर पुढे. ग्रामसभेने ठराव केला, बायका डंपरपुढे येऊन बसल्या, काम थांबलं. मागणी होती अंडरपासची.

तिसरी अडचण या दोघींच्या पोटातली. अंडरपास घ्यायचा तर दोन्ही बाजूंना सर्व्हिस रोड हवा, सर्व्हिस रोडला रुंदी हवी, म्हणजे अकरा गुंठे जमीन जादा लागणार. ती मूळ ३-ए मध्ये नाही. नवं ३-ए काढायचं. विजेचे खांब संपादित जागेच्या अगदी कडेला उभे करायचे असतात. कड कुठे येणार हे ठरलं नाही तोवर खांब हलेनात, खांब हलले नाहीत तोवर वाहिनीखाली क्रेन उभी करता येईना, आणि क्रेनशिवाय कल्व्हर्टचंही काम अडलं. जमीन ताब्यात असलेल्या भागातला कल्व्हर्टसुद्धा अकरा गुंठ्यांसाठी थांबून राहिला. अर्धवट बांधलेल्या सळया मी दोन पावसाळे गंजताना पाहिल्या. जवळून गेलं की बोटाला तांबडी पूड लागायची.

समोरचे पर्याय

अंडरपासच्या बाबतीत आम्ही सुरुवातीला सरळ नकार दिला: आखणी मंजूर आहे, आता बदल होणार नाही. हा निर्णय चुकीचा होता आणि त्यात मीही होतो. चार महिने आम्ही गावाला समजावत राहिलो आणि गाव आम्हाला समजावत राहिलं. शेवटी आमच्या तरुण उपअभियंत्याने एक दिवस सकाळी शाळेच्या वेळेला उभं राहून मुलं मोजली, दप्तरं घेऊन पऱ्याच्या साकवावरून, म्हणजे छोट्या पायपुलावरून, येणारी. त्या सकाळनंतर प्रस्ताव तयार झाला. वाढीव कामाचा प्रस्ताव विभागीय कार्यालय, मुंबई आणि दिल्ली असा फिरून यायला सव्वा वर्ष गेलं.

सामाईक गटाबद्दल तीन मार्ग बोलले जात होते.

पोलीस बंदोबस्तात ताबा घेणं हा पहिला. कायद्याने यात अडथळा नव्हता. रक्कम सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा झाली आणि नोटिशीचे ६० दिवस उलटले की ताबा घेता येतो. हिश्शाचा वाद असेल तर रक्कम दिवाणी न्यायालयाकडे पाठवायची, रस्त्याने त्यासाठी थांबायची गरज नाही. ठेकेदाराचा आग्रह याचाच होता. प्रांतसाहेबांनी दोनदा तारीख ठरवली आणि दोन्हीदा पुढे ढकलली, एकदा निवडणुकीचा बंदोबस्त म्हणून, एकदा ऐन मे महिन्यात कोणाचं छप्पर काढायचं नाही म्हणून. दुसरं कारण मला तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं.

दुसरा मार्ग न्यायालयाच्या निकालापर्यंत थांबण्याचा. वाटपाचे दावे किती वर्षं चालतात हे ज्याच्या घरी असा दावा आहे त्याला सांगायला नको.

तिसरा, जेवढी जागा मोकळी आहे तेवढ्यावर एका बाजूचे दोन पदर करून वाहतूक तिकडे वळवायची. बैठकीत हा सगळ्यांनाच सोयीचा वाटला. ठेकेदाराला बिल निघणार होतं, आम्हाला प्रगतीचा आकडा दाखवता येणार होता, आणि गणपतीच्या आधी निदान काहीतरी सुरू झालं असं सांगता येणार होतं. आम्ही तो निवडला. या प्रकरणातला मला सर्वांत बोचणारा निर्णय तोच. नवे पदर जिथे संपत आणि गाडी जुन्या रस्त्यावर उतरे तिथे दोन-अडीच फुटांचा उंचीचा फरक होता आणि तीव्र वळण. ड्रम लावले होते, परावर्तक पट्ट्या होत्या. पहिल्या मोठ्या पावसात ड्रम वाहून गेले. जुलैच्या एका रात्री कामावरून परतणारा गावातलाच एक मुलगा दुचाकीसकट खाली गेला. जीव वाचला, पाय कायमचा अधू झाला. दुसऱ्या दिवशी गर्डरचे ठोकळे आणून बॅरिकेड केलं. ते आदल्या दिवशीही आणता आले असते.

याच सुमारास एका बैठकीत सरपंचांनी विचारलं, "महाडचा सावित्रीचा पूल १६५ दिवसांत होतो, मग आमचे पाऊण किलोमीटर का नाही?" प्रश्न अगदी रास्त होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री जुना दगडी पूल वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या गेल्या, आणि काम सुरू झाल्यापासून १६५ दिवसांत, २०१७ च्या जूनमध्ये, नवा पूल वाहतुकीला खुला झाला. तोच महामार्ग, तीच कोकणातली माती, तोच पाऊस. फरक एवढाच की तिथे जुन्या पुलाशेजारची जागा हाताशी होती, मध्ये कोणाचं घर नव्हतं, आणि निर्णय झटपट होत होते. काम करायला आपल्याला येतं. आमच्या तुकड्यावरही प्रत्यक्ष कामाचे दिवस मोजले तर ते जेमतेम नऊ महिने भरतात. बाकीचा काळ काम सुरू होण्याची वाट पाहण्यात गेला.

काय केलं

वाढीव अकरा गुंठ्यांचा निवाडा तयार करताना मी जुना निवाडा पुन्हा काढून बसलो होतो. त्यात प्रत्येक गटापुढे तीन रकाने असतात: जमीन, झाडं, बांधकाम. झाडांचं मूल्यांकन कृषी आणि वन खात्याकडून येतं, बांधकामाचं सार्वजनिक बांधकाम खात्याकडून, आणि शेवटी बेरीज होऊन एक रक्कम होते. आम्ही सगळे त्या बेरजेवर भांडत होतो. वाद होता तो पहिल्या रकान्याचा. घर आजींनी बांधलं याबद्दल थोरल्या घराचीही हरकत नव्हती, घरपट्टी ग्रामपंचायतीत त्यांच्याच नावाची होती. झाडंही कोणी लावली हे वाडीला ठाऊक होतं.

मग प्रांतसाहेबांपुढे मांडणी केली: बांधकाम आणि झाडं यांची रक्कम कब्जेदाराला लगेच द्यायची, त्यासाठी बाकीच्या हिस्सेदारांची फक्त तेवढ्यापुरती संमती घ्यायची, आणि जमिनीची रक्कम न्यायालयात जमा करायची. ती वाटपाप्रमाणे ज्याची त्याला मिळेल. त्यांनी मान्य केलं. प्रश्न उरला ३८ नावांच्या संमतीचा. वारस धरले तर माणसं ६० च्या वर, आणि त्यातली तीन चतुर्थांश मुंबईत, ठाण्यात, वसई-विरारला. गावच्या पत्त्यावर पाठवलेल्या नोटिसा दोन वर्षं एकच शेरा घेऊन परत येत होत्या: "मुंबईस राहतात."

कोकणातला माणूस गावी कधी असतो हे काही गुपित नाही. गणपतीला आणि शिमग्याला. आणि नेमकी त्याच दिवसांत कार्यालयं बंद. गौरी-गणपतीच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी वाडीतच शिबिर घ्यायचं ठरवलं, परतीच्या गाड्या सुटायच्या आत. तलाठी आणि सर्कल (मंडळ अधिकारी) सुट्टी मोडून आले, त्यांचा मला फार आधार झाला. आजींच्याच पडवीत नोटरीचं टेबल मांडलं. मखर अजून उतरवलेलं नव्हतं, माटवीला, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या चौकटीला, बांधलेली कांगणं आणि तेरडा सुकून लोंबत होता, त्याच्याखाली लोक ओळीने बसून वारसाच्या अर्जावर सह्या करत होते. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, मृत्यूचा दाखला. दोन घरांची माणसं चार वर्षं एकमेकांच्या आरतीला गेली नव्हती. दुपारी थोरल्या घरातल्या एका काकांनी सही करून झाल्यावर आजींना विचारलं, "वहिनी, चाय हाय का?" शिबिरातल्या ५२ सह्यांइतकंच ते माझ्या लक्षात राहिलं. उरलेल्या सह्या आम्ही पुढच्या दोन रविवारी मुंबईतल्या गावकरी मंडळाच्या सभेत जाऊन घेतल्या.

नोव्हेंबरात घरांचे आणि झाडांचे पैसे खात्यात जमा झाले. आजींनी डिसेंबरअखेर स्वतःहून घर रिकामं केलं, कौलं एकेक उतरवून नव्या घरासाठी रचून ठेवली. फेब्रुवारीत वीजवाहिनी हलली.

आणि मग कळलं की ठेकेदाराकडे काम करायला यंत्रंच नाहीत. अडीच वर्षं तुकडा बंद म्हणताना त्याने पोकलेन आणि रोलर दुसरीकडे नेले होते. बँकेचं कर्ज थकलेलं, पोटठेकेदाराची देणी थकलेली. जमीन वेळेत न दिल्यामुळे त्याला करारानुसार मुदतवाढ मिळत होती, म्हणजे कागदावर तो उशीर करत नव्हता. आम्हीही करत नव्हतो, कारण आमचे प्रस्ताव वेळच्या वेळी पुढे गेलेले होते. कोणाच्याही फाइलमध्ये दोष सापडत नव्हता आणि रस्ता मात्र नव्हता. नवा पोटठेकेदार एप्रिलमध्ये आला, मुरुमासाठी गौण खनिजाचा परवाना मिळायला तीन आठवडे गेले, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. पाऊस हे कारण खरं आहे ते इथे. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात जून ते सप्टेंबर मातीच्या भरावाला हात लावता येत नाही. महिनाभराचा उशीर एप्रिलमध्ये झाला की तो ऑक्टोबरपर्यंत लांबतो.

निष्पत्ती

चौथा पावसाळा सरल्यावर भरावाचे वरचे थर खरवडून पुन्हा घातले, गंजलेल्या सळया कापून काढल्या, कल्व्हर्ट आणि अंडरपास झाला, आणि मे महिन्यात चारही पदर खुले झाले. काम सुरू झाल्यापासून साडेचार वर्षांनी. शाळेतली मुलं अंडरपासमधून जातात. पहिल्याच पावसात त्यात गुडघाभर पाणी साठलं, कारण निचऱ्याची गटारं पऱ्याला जोडायची राहिली होती. ती त्या वर्षी जोडली. आजींचं नवं घर वरच्या भरडात आहे. ती जागा थोरल्या घराच्या वहिवाटीतली, त्यांनी दिली.

काय वेगळं करता आलं असतं

निवाड्यातले तीन रकाने वेगळे करायला नवा कायदा लागला नाही, कोणाची खास मंजुरी लागली नाही. ते पहिल्या निवाड्याच्या दिवशीही करता आलं असतं. मी तीस वर्षं महसूलमध्ये असून मला ते सुचलं नाही, कारण वाद मिटवायचा म्हणजे सगळा मिटवायचा असं मी धरून चाललो होतो. रस्त्याला सगळा वाद मिटायला नको होता, घर रिकामं व्हायला हवं होतं.

मोजणीआधी, ३-ए च्याही आधी, प्रत्येक सामाईक गटाची वंशावळ आणि वारस नोंदी तयार ठेवायला एक तलाठी आणि एक निवृत्त माणूस पुरतो. एका पॅकेजला सहा महिने. त्या सहा महिन्यांत ठेकेदार नेमलेला नसतो, यंत्रं उभी नसतात, व्याज चालू नसतं. हे काम काम सुरू झाल्यावर केलं की प्रत्येक दिवसाचे पैसे मोजावे लागतात.

९० टक्क्यांच्या नियमाबद्दल माझं ठाम मत आहे की टक्के मोजू नयेत, सलग लांबी मोजावी. पाच किलोमीटर सलग मोकळे असतील तर तेवढंच काम द्यावं आणि तेवढं पुरं करून खुलं करावं. अठरा ठिकाणी तुटलेल्या ९० टक्क्यांतून वाहनचालकाला मिळतात ती अठरा डायव्हर्जन्स, आणि आमच्या गावच्या मुलाचा पाय त्यातल्याच एकावर गेला. एकच बाजू घाईने उघडण्याचा निर्णय पुन्हा समोर आला तर मी विरोधाची लेखी नोंद करीन. तेव्हा केली नाही.

अंडरपासचा प्रश्न तर आखणी करणारा शाळेच्या वेळेला एकदा त्या साकवावर उभा राहिला असता तरी सुटला असता.

मागच्या महिन्यात मी तो सातबारा ऑनलाइन काढून पाहिला. संपादित क्षेत्राचं कमी-जास्त पत्रक, म्हणजे रस्त्यात गेलेली जमीन सातबाऱ्यावरून वजा करणारा कागद, अजून झालेलं नाही. चार पदरांचा रस्ता त्या गटातून जातो आहे आणि कागदावर तिथे अजून भातखाचर आहे, ३८ जणांच्या नावाने. त्यातल्या एका हिस्सेदाराचा मुलगा गेल्या आठवड्यात फोन करून विचारत होता की वडिलांच्या नावावर जमीन दिसते, ती विकता येईल का. त्याला मी तलाठी कार्यालयात यायला सांगितलं आहे, सोमवारी, मीही जाणार आहे.